भांडी पुसण्याची पाळी : युद्धभूमीच्या एका सहलीचा प्रकरण अभ्यास

ज्या गृहस्थांविषयी हे लिहीत आहे त्यांचे वय सहलीच्या वेळी 68 होते. जन्म आणि शिक्षण खडकीत. पंचविशीत इंग्लंडला आले आणि तिथल्या एका शहराच्या बस डेपोत चाळीस वर्षे मेकॅनिक म्हणून काम करून निवृत्त झाले. पत्नीचे निधन 2017 च्या मार्च महिन्यात झाले. मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात राहतात, दर रविवारी फोन करतात. हा लेख त्यांच्या संमतीने लिहिला असून नाव, शहर आणि ओळख पटेल असा बाकीचा तपशील गाळला किंवा बदलला आहे. लेखात त्यांना ‘काका’ म्हटले आहे, कारण मी त्यांना काकाच म्हणतो, आणि तटस्थतेचा आव आणून ‘श्री. क्ष’ असे लिहिणे मला जमणार नाही. मी स्वतः त्या सहलीत होतो. त्यामुळे माझे निरीक्षण निर्लेप आहे असा दावा करता येत नाही.

मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या गटात काम करताना मी काकांना ओळखू लागलो. पत्नी गेल्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांच्यासाठी जे जे करून पाहिले गेले, ते आधी सांगायला हवे. मंडळाच्या गणेशोत्सवाला ते एकदा आले आणि आरती संपताच निघून गेले. तिथे प्रत्येक जण त्यांच्या पत्नीला ओळखत होता, त्यामुळे प्रत्येक जण हात धरून ‘कसे आहात आता?’ असे विचारत होता, आणि या प्रश्नातला ‘आता’ त्यांना सहन होत नव्हता. शिवाय बाकीचे सगळे जोडीने आलेले. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने ते शोकाकुल लोकांच्या एका गटात तीन बैठकांना गेले. तिथे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून एकेकाने आपल्या दुःखाविषयी बोलायचे असे. ‘मी आयुष्यभर गाडीखाली झोपून काम केलं, माझ्याकडे कुणी बघत नसे. इथे बारा जण माझ्या तोंडाकडे बघत बसतात,’ असे सांगून त्यांनी चौथी बैठक टाळली. घरी ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवत. ताट वाढून टेबलाशी बसणे त्यांनी सोडून दिले होते. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर दोन्ही महायुद्धांचे माहितीपट पाहत, तेही मुख्यतः रणगाड्यांच्या इंजिनांसाठी.

या माहितीपटांवरूनच मुलाच्या मनात सहलीची कल्पना आली. ब्रिटनमध्ये युद्धभूमीच्या सहली हा मोठा आणि जुना व्यवहार आहे. केंटमधून सकाळी निघालेली गाडी फोकस्टोनच्या बोगद्याच्या रेल्वेने पस्तीस मिनिटांत फ्रान्सच्या किनाऱ्याला लागते आणि तिथून तासाभराच्या अंतरावर बेल्जियममधले ईप्र शहर आहे, ज्याच्या भोवतीच्या रणभूमीत पहिल्या महायुद्धाची चार वर्षे गेली. मुलाने 2019 च्या ऑक्टोबरमधील चार दिवसांच्या सहलीची दोन तिकिटे काढली, ऐन वेळी त्याला कामामुळे जाता आले नाही आणि त्याच्या जागी मी गेलो. काका नाखुशीने आले. ‘परक्यांच्या लढाया बघायला मला कशाला नेतोस?’ हा प्रश्न त्यांनी गाडी सुटण्यापूर्वी मला दोनदा विचारला.

गटात आम्ही सोळा जण होतो. निवृत्त पोस्टमन, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई, दोन बहिणी, मुलाला घेऊन आलेला एक तरुण बाप, तीन जोडपी वगैरे, आणि सगळ्यांची व्यवस्था पाहणारे संयोजक, जे स्वतः सैन्यात होते. बहुतेकांचा कुणी ना कुणी पणजोबा किंवा पणजोबांचा भाऊ त्या मातीत होता. आमचा कुणी नव्हता, किंवा तेव्हा आम्हाला तसे वाटत होते.

मुक्काम हॉटेलात नव्हता, आणि या प्रकरणात ती गोष्ट मला निर्णायक वाटते. ईप्रच्या पश्चिमेला बारा किलोमीटरवर पोपरिंगे नावाचे गाव आहे. युद्धात हे गाव आघाडीच्या मागे, ब्रिटिशांच्या ताब्यात राहिले आणि खंदकांकडे जाणारा व तिथून परतणारा जवळजवळ प्रत्येक सैनिक इथून गेला. 1915 च्या डिसेंबरमध्ये फिलिप क्लेटन या लष्करी पाद्र्याने तिथल्या एका हॉप (बिअरला चव देणारी फुले) व्यापाऱ्याच्या रिकाम्या घरात सैनिकांसाठी विसाव्याची जागा उघडली. त्याच वर्षी जुलैत हूग येथे मारल्या गेलेल्या गिल्बर्ट टॅलबट या तरुण अधिकाऱ्याच्या नावावरून घराला टॅलबट हाउस म्हणू लागले. त्या काळच्या तारायंत्राच्या बोलीत ‘टी’ला ‘टॉक’ म्हणत, म्हणून घराचे लाडके नाव ‘टॉक एच’ पडले आणि युद्धानंतर त्याच नावाची मैत्रीची आणि सेवेची चळवळ उभी राहिली. क्लेटनच्या खोलीच्या दारावर ‘आत येणाऱ्याने हुद्दा बाहेर ठेवावा’ अशा अर्थाची पाटी होती. ग्रंथालयातले पुस्तक हवे असेल तर सैनिकाने अनामत म्हणून आपली टोपी ठेवायची, आणि टोपीशिवाय बाहेर पडणे शिस्तीत बसत नसल्यामुळे पुस्तके परत येत. माळ्यावर, जिथे पूर्वी हॉप साठवत, तिथे प्रार्थनाघर केले आणि बागेतल्या छपरीत सापडलेले सुताराचे बाक वेदी म्हणून मांडले. एका फळ्यावर सैनिक आपले नाव आणि पलटण लिहून ठेवत, म्हणजे त्या बाजूने जाणाऱ्या गाववाल्याला किंवा मित्राला ते सापडावेत.

हे घर आज संग्रहालय आहे आणि राहण्याची जागाही. व्यवस्था पाहायला ब्रिटनहून स्वयंसेवक येऊन राहतात आणि आलेल्या प्रत्येकाला चहाचा कप हातात देतात. स्वयंपाकघर सगळ्यांचे सामायिक, न्हाणीघरेही सामायिक. आमच्या संयोजकांनी पहिल्याच संध्याकाळी भिंतीवर एक कागद चिकटवला, ज्यावर कुणी बटाटे सोलायचे, कुणी ताटे मांडायची, कुणी भांडी धुवायची आणि कुणी पुसायची याच्या पाळ्या होत्या. काकांचे नाव त्यात नव्हते. ते पाहुणे आहेत, भारतीय आहेत, त्यांना कशाला त्रास, असा त्यामागचा विचार होता. सौजन्यानेच केलेली ही वगळणूक काकांच्या लक्षात आली. ते काही बोलले नाहीत, पण जेवण झाल्यावर सर्वांआधी उठून खोलीत गेले.

शनिवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी, आम्ही ईप्रच्या परिसरात फिरलो. एसेक्स फार्मच्या दफनभूमीत पंधरा वर्षांच्या व्हॅलेंटाइन स्ट्रडविकच्या कबरीपुढे गटातला तो शाळकरी मुलगा बराच वेळ उभा राहिला. लांगेमार्कच्या जर्मन दफनभूमीत 44 हजारांहून अधिक मृत आहेत आणि त्यांतले सुमारे 25 हजार एकाच सामूहिक कबरीत आहेत. तिथे ओकची झाडे आणि जमिनीलगतचे काळपट दगड पाहून सगळेच गप्प झाले. मग टाइन कॉट. राष्ट्रकुलाची जगातली ही सर्वांत मोठी दफनभूमी. जवळजवळ 12 हजार कबरी, त्यांतल्या आठ हजारांहून अधिक अनामिकांच्या, आणि मागच्या भिंतीवर कबर न मिळालेल्या सुमारे 35 हजार जणांची नावे. काका तिथे अचानक थांबले. पांढऱ्या दगडांच्या ओळी, बारीक कापलेली हिरवळ आणि मधोमध उंच दगडी क्रूस यांच्याकडे बघत ते मला म्हणाले, ‘हे मी पाहिलंय. शाळेत जाताना रोज पाहायचो.’ खडकीतल्या युद्धस्मशानाविषयी ते बोलत होते. ते स्मशानही राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगच सांभाळतो. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावून इतरत्र पुरल्या गेलेल्या 1,800 हून अधिक जणांची नावेही तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. काका म्हणाले, ‘कुंपणाबाहेरून जायचो. आत कधी पाऊल टाकलं नाही. ते गोऱ्यांचं, आपलं काय काम?’

त्याच दिवशी संध्याकाळी गोष्ट बिघडली. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर 54 हजारांहून अधिक अशा सैनिकांची नावे आहेत, ज्यांचे देह सापडले नाहीत किंवा ओळखता आले नाहीत. त्यांत भारतीय पलटणींतलीही नावे आहेत. 1929 च्या नोव्हेंबरपासून तिथे रोज संध्याकाळी आठ वाजता वाहतूक थांबवून अग्निशामक दलातले बिगुलवादक ‘लास्ट पोस्ट’ ही सैनिकी मानवंदनेची धून वाजवतात. जर्मनांच्या ताब्यातली दुसऱ्या महायुद्धातली चार वर्षे सोडली तर हा क्रम मोडलेला नाही. बाहेरून आलेल्या गटांना पूर्वपरवानगीने तिथे पुष्पचक्र वाहता येते. संयोजकांनी काकांना न विचारता आमच्या गटाच्या वतीने त्यांचे नाव दिले होते, आणि समारंभाला वीस मिनिटे उरली असताना खसखशीच्या लाल कागदी फुलांचे ते चक्र त्यांच्या हातात देऊन सांगितले की, भारताच्या वतीने तुम्ही वाहावे, तुमच्या लोकांसाठी. काकांनी चक्र परत दिले. ‘माझं इथे कुणी नाही. मी बस दुरुस्त करणारा माणूस आहे. देशाच्या वतीने काही करायला मला कुणी नेमलेलं नाही,’ असे ते इंग्रजीत, अगदी हळू आवाजात म्हणाले. चक्र इतिहासाच्या बाईंनी वाहिले. परतताना गाडीत कुणी बोलत नव्हते आणि मला मनातून मुलाचा राग आला होता, की हा घाट त्याने घातलाच कशाला.

या प्रसंगाचा अर्थ लावताना पुष्कळांना इथे वर्णभेदाची छटा दिसेल, आणि ती अगदीच नव्हती असे मी म्हणणार नाही. मला मात्र मुख्य दोष वेगळा वाटतो. संयोजकांना काकांना सामावून घ्यायचे होते, पण त्यांनी त्यासाठी जे दार उघडले ते वंशाचे होते. त्यांच्या दृष्टीने त्या भूमीशी नाते म्हणजे रक्ताचे नाते. सहलीतल्या चौदा जणांचे तसे नाते होते, तेव्हा काकांसाठीही एक शोधून दिले की झाले. काम मात्र दिले नाही. बटाटे सोलण्याच्या यादीत ज्याला जागा नाही त्याला देशाचा प्रतिनिधी म्हणून पुढे करणे, यात मान आहे पण आपलेपणा नाही, आणि काकांना मानाची मुळीच भूक नव्हती.

पुढचे वळण निव्वळ घड्याळामुळे आले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्या वर्षी 27 तारखेला, पहाटे युरोपात घड्याळे एक तास मागे जातात. सर्वांचे मोबाइल आपोआप बदलले. काकांचे मनगटी घड्याळ चावीचे, त्यांनी ते बदलले नाही, आणि सहाला उठायच्या सवयीने ते प्रत्यक्षात पाचला खाली आले. स्वयंपाकघरात दिवा होता. निवृत्त पोस्टमनचेही घड्याळ चावीचेच होते आणि चाळीस वर्षे पहाटे टपाल वाटलेल्या त्या माणसाला झोपही तेवढीच. रात्रीच्या रुसव्यात कुणी भांडी आवरली नव्हती, त्यामुळे मोरीत कप-बशांचा ढीग होता. पोस्टमनने बाही वर करून नळ सोडला आणि मागे न बघता काकांच्या दिशेने एक फडके फेकले.

मी सहाला खाली आलो तेव्हा दोघे मोरीपाशी शेजारी शेजारी उभे होते. एक धूत होता, दुसरा पुसत होता, आणि दोघांचीही तोंडे खिडकीबाहेरच्या काळोखी बागेकडे होती. काका बोलत होते. पत्नीला शेवटच्या महिन्यात कपाचा कान धरता येईना, म्हणून त्यांनी दोन कानांचा कप कुठून कुठून शोधून आणला होता, आणि तो आला त्याच आठवड्यात त्या गेल्या. तो कप अजून खोक्यातच आहे. दोन वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती, मुलाला सांगितली नव्हती, आणि शोकाकुलांच्या गटात तर नाहीच. पोस्टमनने ती ऐकून घेतली, काही उत्तर दिले नाही, धुतलेली आणखी एक बशी पुढे केली. त्याची पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली होती, हे काकांना दुपारी कळले.

डोळ्यांत डोळे घालून बोलताना जे जमत नाही ते एकाच दिशेला तोंड करून, हातांना काम असताना जमते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कांदे निवडताना, वाती वळताना, मळणीच्या रात्री खळ्यावर आणि रेल्वेच्या बाकावर माणसे याच रीतीने मोकळी होतात. युद्धभूमीच्या सहलीत हा एकदिशेचा नियम दिवसभर चालू असतो. गाडीत सगळे पुढे बघतात. दफनभूमीत दोघे एकाच दगडाकडे बघतात. बोलायला विषय शोधावा लागत नाही, तो समोर कोरलेला असतो. आणि बोलता बोलता आवाज दाटला तर शेजारच्याला ते त्या दगडापायी आहे असे समजण्याची मुभा असते. स्वतःच्या दुःखाला दुसऱ्याच्या नावाखाली थोडी जागा मिळते. काकांच्या बाबतीत शोकगटाने जे उघड मागितले ते सहलीने न मागता मिळवले, असे मी म्हणेन.

रविवारच्या न्याहारीला तो जादा तास असल्यामुळे कुणाला घाई नव्हती. संयोजक काकांजवळ येऊन बसले, सैनिकी पद्धतीने दोन वाक्यांत माफी मागितली आणि भिंतीवरचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी खिशातले पेन काढून रविवार रात्रीच्या रकान्यात भांडी पुसण्यापुढे आपले नाव लिहिले. मग, माझ्या मते जरा सूड म्हणून, धुण्यापुढे संयोजकांचे लिहिले.

सोमवारी, 28 ऑक्टोबरला, परतीच्या वाटेवर आम्ही फ्रान्समधल्या नव्ह शापेल इथे थांबलो. या जागेचा खडकीशी असलेला संबंध इतिहासाच्या बाईंनी आदल्या रात्री शोधून ठेवला होता. बरोबर 105 वर्षांपूर्वी, 28 ऑक्टोबर 1914 रोजी, जर्मनांच्या ताब्यात गेलेले हे गाव परत घेण्यासाठी 47 व्या शीख पलटणीबरोबर ज्या दोन तुकड्या घरोघर लढत घुसल्या, त्या 3 ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या, म्हणजेच खडकीचे मुंबई सॅपर्स, ज्यांचे केंद्र आजही तिथेच आहे. पूल बांधणे, सुरुंग लावणे, खंदक खणणे हे ज्यांचे खरे काम, त्या कारागीर सैनिकांना त्या दिवशी पायदळासारखे वापरले गेले आणि दोन्ही कंपन्यांची भयंकर हानी झाली. सॅपर्समध्ये शीख आणि मुसलमान यांच्याप्रमाणे मराठेही होते. मार्सेय बंदरात हे सैन्य उतरून तेव्हा जेमतेम महिना झाला होता, अंगावर कपडे उन्हाळी होते आणि पुढ्यात फ्लँडर्सचा हिवाळा.

नव्ह शापेलचे स्मारक हर्बर्ट बेकर यांनी रचले आणि ते 1927 च्या ऑक्टोबरात खुले झाले. वर्तुळाकार आवाराच्या अर्ध्या भागात सांचीच्या कठड्याची आठवण करून देणारी दगडी जाळी आहे आणि उरलेल्या अर्ध्या भिंतीवर 4,700 हून अधिक नावे. मधल्या सुमारे पंधरा मीटर उंच खांबाच्या पायथ्याशी दोन दगडी वाघ बसले आहेत. खांबावरच्या लेखात देवनागरी अक्षरे आहेत. तीन दिवस शेकडो मैल रोमन लिपीतला दगड वाचत आल्यावर ती अक्षरे समोर आली, तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

प्रत्येकाने भिंतीवरचे एक नाव निवडून मोठ्याने वाचावे, असे ठरले होते. वाचन सुरू झाले आणि अडखळले. इंग्रज कारकुनांनी ऐकून लिहिलेली ती नावे इंग्रजांच्याच तोंडी बसत नव्हती. ‘नाईक’ हा हुद्दा बुटांच्या कंपनीसारखा उच्चारला जाऊ लागला, ‘हवालदार’चे तीन तुकडे झाले. काका भिंतीच्या टोकाला एकटे उभे होते. तिथून त्यांनी पहिला उच्चार दुरुस्त केला, मग दुसरा, आणि मग ते एकेकाजवळ जाऊन, अक्षरावर बोट ठेवून, ‘इथे जोर नाही, इथे द्या’ असे सांगू लागले. डेपोत नव्या पोरांना नट किती आवळायचा ते याच पद्धतीने शिकवीत असावेत. पोस्टमनकडून त्यांनी एक नाव पाच वेळा म्हणवून घेतले. चौथ्या वेळी पोस्टमन म्हणाला की, चाळीस वर्षे मी लोकांची नावे चुकीची वाचली असती तर नोकरीवर राहिलो नसतो, आणि पाचव्या वेळी त्याने ते बरोबर म्हटले. शनिवारी जो माणूस ‘माझं इथे कुणी नाही’ म्हणाला होता, तो सोमवारीही तेच म्हणत होता. खडकीचे सॅपर्स आपले नातेवाईक आहेत असे त्याने मुळीच मानले नाही, आणि पुष्पचक्र पुढे आलेच असते तर पुन्हा परत केले असते. त्याच्यापाशी सर्वांना लागणारे काहीतरी होते आणि ते मागितले गेले, एवढाच काय तो फरक होता. रक्ताचे नाते जोडून दिल्याने जे झाले नाही ते उच्चार विचारल्याने झाले.

परतीच्या गाडीत मी त्यांना एक अवघड प्रश्न विचारला. हजारो मुलांच्या कबरी बघत फिरायचे, रात्री एकत्र जेवायचे, हसायचे, दोस्ती करायची, हे बरे दिसते का? हा प्रश्न जुनाच आहे. 1920 च्या दशकात ब्रिटनमध्ये यात्रेकरू वेगळे आणि पर्यटक वेगळे असा वाद जोरात होता. सेंट बार्नबस सोसायटी गरीब कुटुंबांतल्या आयांना कमी खर्चात कबरींपर्यंत नेत असे, आणि 1927 च्या जुलैत मेनिन गेट खुले झाले तेव्हा तिने अशा शेकडो मातांना तिथे आणले होते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या यात्रेला सुमारे 11 हजार लोक गेले. त्याच काळात धंदेवाईक सहली आणि मार्गदर्शक पुस्तकेही निघाली होती, ज्यांच्यावर टीका होई. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘बाळ, आपल्याकडे सगळे नातेवाईक कधी भेटतात? तेराव्याला. जेवायला बसलं की कुणीतरी गेलेल्याची गंमत सांगतो आणि पंगत हसते. त्याला कुणी नावं ठेवतं का?’ माझ्याजवळ याचे उत्तर नव्हते, आजही नाही.

ही मैत्री सहलीपुरती होती का, याची परीक्षा अपेक्षेपेक्षा लवकर आणि कठोर झाली. 2020 च्या मार्चमध्ये ब्रिटन टाळेबंदीत गेले. काका एकटे, वय आणि रक्तदाब दोन्ही धोक्याच्या रेषेत. ईप्रमध्येही गर्दी बंद झाली, परंतु लास्ट पोस्ट थांबला नाही. प्रेक्षकांविना, एकटाच बिगुलवादक रोज आठ वाजता कमानीखाली उभा राहू लागला. बेल्जियमचे आठ म्हणजे इंग्लंडचे सात. पोस्टमनने रोज सातच्या ठोक्याला काकांना फोन करायला सुरुवात केली. सुरुवातीचे शब्द ठरलेले : ‘तिकडे वाजले.’ त्यानंतर कधी दोन मिनिटे, कधी तासभर. बोलणे बहुतेक भाज्यांच्या भावाविषयी, गुडघ्यांविषयी आणि सरकारविषयी असे. युद्धाचा विषय महिनोन्महिने निघत नसे. संयोजकांनी एकदा संपूर्ण गटाला संगणकाच्या पडद्यावर जमवण्याचा प्रयत्न केला तो मात्र साफ फसला. सोळा चौकटीतले सोळा चेहरे एकमेकांकडे टक लावून पाहत राहिले आणि काका पाच मिनिटांत बाहेर पडले. ‘पुन्हा तोच गोल,’ असे ते मला फोनवर म्हणाले.

या प्रकरणातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. सोळांपैकी चार जण नंतर संपर्कात राहिले नाहीत. दोन बहिणींपैकी धाकटीला टाइन कॉटच्या भिंतीवर पणजोबांचे नाव सापडले. तिला तिथे एकटीने थांबायचे होते, भोवती जमलेल्या सहानुभूतीचा तिला जाच झाला आणि तिने पुन्हा गटाने न जाण्याचा निश्चय केला. सामायिक स्वयंपाकघर, अरुंद जिने आणि माळ्यावरच्या प्रार्थनाघराची शिडीसारखी चढण ज्यांना झेपत नाही, त्यांना ही रचना सुरुवातीलाच बाहेर ठेवते. खर्चही कमी नाही. शिवाय संध्याकाळच्या गप्पा बिअरभोवती फिरत आणि काका पीत नाहीत, त्यामुळे त्या दोन तासांत ते बहुधा बागेत एकटेच असत. मराठी मंडळात ते अजूनही फारसे येत नाहीत. मुलाला याचे वाईट वाटते आणि खरे सांगायचे तर मलाही वाटते, कारण आपल्या माणसांमध्ये जे मिळायला हवे होते ते परक्यांच्या मोरीपाशी मिळाले, ही गोष्ट मंडळाचा कार्यकर्ता म्हणून गिळायला सोपी नाही. त्यानंतर आमच्या ज्येष्ठांच्या गटात मी एक बदल केला. आल्या आल्या कुणाचीही विचारपूस करायची नाही. आधी हातात काहीतरी द्यायचे, सतरंजीचे टोक का असेना.

2023 च्या फेब्रुवारीत काका पुतणीच्या लग्नासाठी पुण्याला गेले होते. त्यांनी मला खडकीहून फोन केला तेव्हा इंग्लंडमध्ये सकाळ होती. ते युद्धस्मशानाच्या आत उभे होते, आयुष्यात पहिल्यांदा. माळी हिरवळीला पाणी घालत होता आणि नळीचा आवाज फोनवर ऐकू येत होता. अभ्यागतांच्या वहीत नाव लिहिल्यावर शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे हे त्यांना सुचत नव्हते. ‘लोकांनी शांतता वगैरे लिहिलंय. मी काय लिहू?’ मी म्हटले, ‘काका, तुम्हाला जे वाटतं ते.’ थोड्या वेळाने त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. देवनागरीत एकच ओळ होती : ‘शाळेत जाताना बाहेरून जात होतो.’ तोच फोटो त्यांनी पोस्टमनलाही पाठवला होता आणि त्याने ही अक्षरे कशी वाचायची ते विचारले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील नव्या सहलीच्या पाळ्यांचा कागद त्याच आठवड्यात आला. सहलीच्या दुसऱ्या रात्रीच्या रकान्यात भांडी धुण्यापुढे पोस्टमनचे नाव होते आणि पुसण्यापुढे काकांचे.